स्टार नकोत, काय ऐकलं ते लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या रॉक अल्बमांवर जे सदर चालू झालंय, खाली पाचपैकी स्टार वगैरे देऊन, त्याच्यावरनं वाचकांच्या पत्रांत जी जुंपलीय ती आम्ही उद्यमनगरात चहाच्या गाड्यावर मोठ्यानं वाचतो. एकजण वाचणार, बाकीचे मधे मधे शिव्या घालणार, चहा गार होणार. म्हटलं आता आपणपण एक पत्र टाकावं. लांब झालं तर कात्री लावा, राग नाही.

आत्तापर्यंत दोन पार्ट्या पडल्यात. एक पार्टी म्हणते समीक्षकांना काय घंटा कळत नाही, त्यांनी लेड झेपलिनला नावं ठेवली, ब्लॅक सॅबथला नावं ठेवली आणि लोकांनी बघा कसं डोक्यावर घेतलं, म्हणजे ही जमातच बिनकामाची. दुसरी पार्टी म्हणते फॅन लोकांना कान नसतात, नुसता गळा असतो, आपल्या बँडबद्दल कुणी ब्र काढला की तलवार उपसून उभे. मला दोन्ही पटत नाही, कारण दोघंपण निकालावरच भांडायला लागलेत, कोण बरोबर निघाला न् कोण तोंडावर आपटला. ते जाऊ दे की! रिव्ह्यू लिहिणाऱ्यानं अल्बममध्ये ऐकलं काय आणि जे ऐकलं ते आपल्याला समजेल असं सांगितलं का, एवढंच बघायचं. सांगितलं असलं तर पुढं तो साफ चुकीचा ठरला तरी आपल्याला त्याचा उपयोग होतो. नुसते स्टार चिकटवून मोकळा झाला असला तर त्याचं आपण काय करायचं?

आधी त्या ज्येष्ठ वाचकांच्या पत्राचं बोलतो, ज्यांनी लिहिलंय की अल्लादियाखाँसाहेबांच्या कोल्हापुरात, देवल क्लबच्या कोल्हापुरात असलं ढणढण संगीत छापून जागा कशाला वाया घालवता. काका, आदर राखून सांगतो. १९७७ साली अमेरिकेच्या नासानं व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली, त्यात पृथ्वीवरचं संगीत म्हणून सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी ठेवलीय. त्या तबकडीत भारतातलं एकच गाणं आहे, केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहाँ हो'. आणि केसरबाई कुणाच्या शिष्या, तर खाँसाहेबांच्या, जे आपल्या शाहू महाराजांच्या दरबारात गात होते. त्याच तबकडीवर चक बेरीचं 'जॉनी बी. गुड' पण आहे, १९५८ चं, अस्सल रॉक अँड रोल. इतकी वर्षं दोघं एका तबकडीवर बसून सूर्याच्या पार पलीकडं निघालेत, तिकडं काय भांडण झाल्याचं ऐकिवात नाही. पुरवणीत अर्धं पान द्यायला मग काय हरकत आहे.

आता एका तरुण वाचकानं लिहिलंय की समीक्षक नसतेच तर लोकांनी जास्त मोकळ्या कानानं ऐकलं असतं. भावा, आम्ही तसंच ऐकलंय, म्हणून मला त्यातलं चांगलं-वाईट दोन्ही माहीत आहे. नव्वदच्या आसपास कोल्हापुरात इंग्लिश कॅसेट मिळायच्या पण मोजक्या, बाकी कुणाचा तरी भाऊ पुण्याला नाहीतर मुंबईला शिकायला असायचा, तो सुट्टीला आला की घेऊन यायचा आणि मग कोऱ्या सी-९० कॅसेटवर कॉपी मारून घ्यायची. सी-९० म्हणजे एका बाजूला ४५ मिनिटं. पिंक फ्लॉइडचा 'डार्क साइड ऑफ द मून' ४३ मिनिटांचा, एका बाजूला बरोबर बसतो, आणि 'विश यू वेअर हिअर' ४४ च्या जरा वर, तो दुसऱ्या बाजूला. दोन रुपये जास्त लागायचे नाहीत की एक गाणं कापायला लागायचं नाही, त्यामुळं ही जोडी घरोघरी एकाच कॅसेटवर. कॉपीची कॉपी, तिचीपण कॉपी असं झालं की झांजांचा वरचा चुरचुर आवाज निघून जायचा आणि खाली नुसता धप धप राहायचा, आम्हाला वाटायचं गाणं असंच आहे. कव्हर नाही, गाण्यांची नावं नाहीत, कुणाच्या तरी वाईट अक्षरात पेन्सिलीनं 'पी. फ्लॉइड' एवढंच.

मधे एकपण समीक्षक नव्हता. ऐकायला मजा आली का, तर लई आली. पण 'डार्क साइड' मध्ये एक बाई शब्दच नसलेलं गाणं गाते ना, नुसता आक्रोश, 'द ग्रेट गिग इन द स्काय', ती बाई कोण हे मला इंटरनेट येईपर्यंत माहीत नव्हतं. तिचं नाव क्लेअर टोरी, जानेवारी १९७३ मध्ये एका रविवारी तिला बोलावून गाऊन घेतलं आणि ३० पौंड हातावर ठेवले. तो अल्बम १९७३ पासून १९८८ पर्यंत अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या खपाच्या चार्टवर मिळून ७४१ आठवडे राहिला आणि गाण्यावर तिचं नाव लागायला तिला २००४ साली कोर्टात जायला लागलं, मग २००५ ला तडजोड झाली आणि फ्लॉइडच्या रिचर्ड राइटच्या बरोबरीनं नाव आलं. हे कुणीतरी सांगायला पाहिजे की नको? नुसता मोकळा कान काय करणार, त्या बाईचं नाव कानाला कसं कळणार. चांगला लिहिणारा असता तर त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं असतं, ही गातेय कोण.

आता लेड झेपलिनकडं येतो, कारण सगळ्यात जास्त पत्रं त्याच्यावर आलीत.

पहिला अल्बम जानेवारी १९६९ चा. मार्चमध्ये रोलिंग स्टोन मासिकात जॉन मेंडेलसोननं त्याला धुतला. सगळे एवढंच सांगतात, 'धुतला'. पण काय म्हणून धुतला हे कुणी सांगत नाही, म्हणून मी शोधून वाचलं. तो म्हणतो जेफ बेक ग्रुपनं काही महिन्यांपूर्वीच हे केलंय आणि यांनी त्याच्या पुढं काय नेलेलं नाही. झेपलिनचा जिमी पेज गिटार वाजवणारा म्हणून जबरदस्त, हे तो मान्य करतो, पण प्रोड्यूसर म्हणून तोकडा आणि गाणी लिहिणारा म्हणून कमजोर. आता ह्यात चिडण्यासारखं असलं तरी तपासता येण्यासारखं आहे. जेफ बेकचा 'ट्रूथ' १९६८ चा, त्यात ब्लूजवाल्या विली डिक्सनचं 'यू शूक मी' आहे, झेपलिनच्या पहिल्या अल्बममध्येपण तेच गाणं आहे. दोन्ही लागोपाठ ऐका आणि ठरवा, अर्ध्या तासाचंपण काम नाही. मी ऐकलं. मला झेपलिनचं जास्त आवडतं, पण मेंडेलसोन हवेत बोलत नव्हता हेपण कळलं.

आणि गाणी लिहिण्यात कमजोर म्हणाला त्यावर तर फॅन पार्टीनं जरा गप्प बसावं. 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड' वर पेजचं नाव आहे, पण जेक होम्स नावाच्या गायकानं ते १९६७ लाच रेकॉर्ड केलेलं, त्यानं २०१० साली दावा लावला, आपसांत मिटलं आणि मग पुढच्या छपाईत होम्सचं नाव जोडलं गेलं. 'होल लॉटा लव्ह' वरनं विली डिक्सननं १९८५ ला दावा टाकला होता, तोपण पैसे देऊन मिटवला. मग समीक्षक गाढव कसा? त्याला कोर्टाच्या केसा तेव्हा माहीत नव्हत्या, पण गाणी कुठनंतरी उचलल्यासारखी आहेत एवढा वास त्याला लागला होता असं मला तरी वाटतं.

प्रोड्यूसर म्हणून तोकडा हे मात्र मी मानत नाही. अख्खा अल्बम ३६ तासांच्या आसपास स्टुडिओ वापरून केलाय, खर्च १७८२ पौंड, आणि ड्रमर बोनमच्या ड्रमपासनं माइक लांब ठेवून खोलीचा घुमारा पकडलाय, ते ऐकताना ड्रम आपल्या शेजारच्या खोलीत वाजतोय असं वाटतं. हे माझं म्हणणं, मेंडेलसोनचं ते. दोघांचीपण म्हणणी तपासता येतात, म्हणून भांडणात मजा आहे. 'झेपलिन इज गॉड' म्हणणाऱ्याशी आणि 'दोन स्टार' म्हणणाऱ्याशी भांडायचं कशावर?

आमच्या धंद्यातलं सांगतो, म्हणजे माझा मुद्दा कळेल. फाउंड्रीतनं आलेलं कास्टिंग रिजेक्ट करायचं झालं तर इन्स्पेक्टरला टॅगवर कारण लिहायला लागतं. ब्लो होल आहे का, श्रिंकेज आहे का, वाळू अडकलीय का, साइज बसेना का. नुसतं 'रिजेक्ट' लिहून पाठवलं तर फाउंड्रीवाला तो टॅग परत आणून टेबलावर आपटेल आणि बरोबरच करेल. मेंडेलसोनच्या टॅगवर कारण आहे, बस, माझं त्याच्याशी भांडण संपलं.

कारण नसलेला टॅग बघायचा असला तर क्वीनचा 'जॅझ' घ्या. १९७८ च्या नोव्हेंबरातला अल्बम. फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला, शाळेतच 'हेक्टिक्स' नावाचा बँड काढला होता, त्यामुळं आपल्याकडच्या लोकांना क्वीनबद्दल जरा घरचं माणूस असल्यासारखं वाटतं, ते बाजूला ठेवूनच बोलतो. १९७९ ला रोलिंग स्टोनमध्येच डेव्ह मार्शनं त्याच्यावर लिहिलं आणि क्वीन हा बहुतेक पहिला खराखुरा फॅसिस्ट रॉक बँड असेल म्हणून टाकलं. कशावरनं, तर १९७७ चं 'वी विल रॉक यू' म्हणजे लोकांना दिलेला हुकूम आहे, तुम्ही नाही, आम्ही तुम्हाला हलवणार. अरे बाबा, त्या गाण्यात दोनदा पाय आपटायचे आणि एक टाळी, क्वीनच्याच ब्रायन मेनं ते मुद्दाम असं केलं की समोरच्या पब्लिकला ते वाजवता यावं. कोल्हापुरात कुठल्याही कॉलेजच्या गॅदरिंगला जा, पोरं बाक बडवून तेच वाजवतात, एकालापण हुकूम मिळाल्यासारखं वाटत नाही, उलट आवरता आवरत नाहीत. तसा 'जॅझ' मलापण अर्धाच आवडतो. 'मुस्तफा' आणि 'डोन्ट स्टॉप मी नाऊ' सोडलं तर मधे बराच फापटपसारा आहे, आणि कुणी गाणं धरून तसं लिहिलं असतं तर मी मान डोलावली असती. शिवी देऊन मोकळं होणं सोपं असतं, फापटपसारा कुठला ते दाखवायला बसून ऐकायला लागतं.

आता ब्लॅक सॅबथ. ह्याच्यावर जरा जास्त लिहिणार आहे, कारण हा आमच्या भागाचा बँड आहे असं आम्ही मानतो.

पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० चा, शुक्रवार बघून काढलेला. रेकॉर्डिंग आदल्या ऑक्टोबरात एका दिवसात उरकलेलं. लेस्टर बँग्ज म्हणजे समीक्षकांतलं मोठं नाव, त्यानं रोलिंग स्टोनमध्ये लिहिलं की ही क्रीम बँडची नक्कल आहे आणि तीपण जमलेली नाही. फॅन पार्टी हे पन्नास वर्षं उगाळतेय. त्यांना हे माहीत नसतं की त्याच बँग्जनं १९७२ मध्ये क्रीम नावाच्या मासिकात (बँड वेगळा, मासिक वेगळं, गोंधळ नको) सॅबथवर लांबलचक आणि बऱ्यापैकी बाजू घेऊन लिहिलं. म्हणजे माणसानं परत ऐकलं. किती जण परत ऐकतात? पहिल्यांदा त्याच्या कानात क्रीम बसलेलं होतं, म्हणून त्याला क्रीमच ऐकू आलं, असं माझं मत.

त्या आवाजाचा उगम मात्र कारखान्यात आहे. सॅबथचा गिटारवाला टोनी आयोमी बर्मिंगहॅमचा, शीट मेटलच्या कारखान्यात कामाला. १७ वर्षांचा असताना, नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी, मशीनमध्ये उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं आणि करंगळीशेजारच्या बोटाचं टोक गेलं. पोरगा डावखुरा, म्हणजे उजवा हात तारा दाबायचा. संपलंच की. मग त्याच्या फोरमननं त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून दिली, तो जिप्सी गिटारवाला आगीत हात भाजल्यावर दोन बोटांवर सोलो वाजवायचा. आयोमीनं मग लिक्विड साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वरनं चामडं चिकटवलं, बारीक तारा लावल्या, आणि पुढं १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी' पर्यंत तारा दीड सूर उतरवून ढिल्या केल्या, बोटांना सोपं जावं आणि आवाज जड व्हावा म्हणून.

आमच्या ग्रुपात एकजण पॉवर प्रेसवर होता, त्याच्या उजव्या हाताचं अर्धं बोट नाही. इथं शिरोलीत, उद्यमनगरात, गोकुळ शिरगावात अशी माणसं काय कमी नाहीत, कुणी त्याचं कौतुक करत नाही आणि कुणी विचारतपण नाही. त्याला ही गोष्ट सांगितली तर तो गाण्याचं काय विचारलाच नाही, म्हणाला, चामड्याची टोपी तारेवर सरकत असणार की, मग सूर कसा धरतो? आणि स्वतःचं बोट अंगठ्यावर घासून बघत बसला. मग मी त्याला मोबाईलवर पहिल्या अल्बमचं पहिलं गाणं लावून दिलं. आधी पाऊस, मग लांबनं घंटा, मग ते तीन सूर, जड, सावकाश, मधे भली मोठी जागा सोडून. सगळं सहा मिनिटांचं गाणं एकटक ऐकलं, इंग्लिशचा एक शब्द कळत नाही. शेवटी म्हणाला, हे रात्रपाळीचं आहे. एवढंच बोलला आणि चहाचे पैसे देऊन गेला.

आता मला सांगा, हा रिव्ह्यू आहे की नाही? माझ्या मते पुरवणीतल्या साडेचार स्टारांपेक्षा चांगला आहे. त्याला क्रीम माहीत नाही, ब्लूज माहीत नाही, त्यामुळं तो बँग्जचं काम करू शकत नाही हेपण खरं. हे गाणं कुठल्या परंपरेतनं आलं, त्यात नवीन काय, उचललेलं काय, हे सांगायला अभ्यास केलेला माणूसच लागतो. पण त्यानं जे ऐकलं ते सांगितलं, आणि ते ऐकून दुसऱ्या दोघांनी घरी जाऊन गाणं लावलं.

फॅन लोकांची बाजू घेतली म्हणून त्यांना सोडणार नाही. वीझर नावाच्या बँडचा 'पिंकर्टन' १९९६ चा, रोलिंग स्टोनच्या वाचकांनीच त्याला त्या वर्षीच्या सगळ्यात वाईट अल्बमांत टाकलं, आणि त्याच मासिकाच्या वाचकांनी २००२ साली त्याला सर्वकाळच्या श्रेष्ठ अल्बमांत सोळावा नंबर दिला! अल्बम तोच, एक सूरपण बदलला नाही. २००४ ला मासिकानंपण पाच स्टार दिले. आता ह्यात गाढव कोण, समीक्षक का वाचक? कोणच नाही, पण नंबर मात्र गाढव आहे.

उलट बाजूचंपण आहे. मेटॅलिकाचा 'सेंट अँगर', २००३, ७५ मिनिटांचा, एकपण गिटार सोलो नाही, आणि त्यांच्या ड्रमर लार्स उलरिकनं स्नेअर ड्रमखालच्या तारा ढिल्या सोडलेल्या, त्यामुळं सगळ्या अल्बमभर टणटण पत्रा वाजतो. रोलिंग स्टोननं चार स्टार दिले, पिचफोर्कनं दहापैकी ०.८ दिले, म्हणजे समीक्षकांचंच आपसांत जमेना. पब्लिक मात्र पहिल्या दिवसापासनं एकच सांगत होतं, तो स्नेअर आवरा. नेमकं बोट ठेवलं होतं. नंतर २००८ ला 'डेथ मॅग्नेटिक' आला तेव्हा तर फॅन लोकांनी कमालच केली. सगळीकडं कौतुकाचे रिव्ह्यू, गाणी बरी आहेत, जुना मेटॅलिका परत आला वगैरे, आणि पोरांनी मात्र 'गिटार हिरो' ह्या गेममध्ये आलेली तीच गाणी आणि सीडीवरची गाणी कॉम्प्युटरवर शेजारी ठेवून दाखवलं की सीडीवर सगळा आवाज दाबून, टोकं कापून एका पातळीला आणलाय. गेममधलं ऐकायला जास्त मोकळं होतं. हजारोंनी सह्या केल्या, परत मिक्स करा म्हणून. आवाज मोठा वाटावा म्हणून हळू भाग वर ओढायचा, मोठा भाग छाटायचा, मग गाण्यात चढ-उतारच राहत नाही, तीन गाण्यांनंतर डोकं धरतं. कोल्हापूरकरांना मिरवणुकीतला डॉल्बी माहीत आहे, जास्त समजावत नाही. हे काम खरं तर समीक्षकांचं होतं आणि गेम खेळणाऱ्या पोरांनी केलं, कारण त्यांनी स्टार न मोजता दोन रेकॉर्डिंगं लावून ऐकली.

लिस्टांचं तर विचारूच नका. रोलिंग स्टोननं २००३ ला पाचशे श्रेष्ठ अल्बमांची लिस्ट काढली, एक नंबरला बीटल्सचा 'सार्जंट पेपर'. २०२० ला परत काढली, एक नंबरला मार्विन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' आणि 'सार्जंट पेपर' चोविसावा. आमच्यातला एक बीटल्सवाला आठवडाभर जेवला नाही म्हणायचा. पण बीटल्सनं मधल्या काळात काय बिघडवलं? मतं देणारी माणसं बदलली, नवीन वयाची, वेगळं ऐकून मोठी झालेली, तर निकाल बदलणारच. आणि पिचफोर्क, १९९६ ला निघालेली वेबसाइट, तिथं तर ०.० पासनं १०.० पर्यंत दशांशात मार्क. २००६ मध्ये जेट नावाच्या बँडच्या अल्बमला ०.० देऊन खाली रिव्ह्यूच्या जागी एका माकडाचा घाण व्हिडिओ टाकला. पोरं खदाखदा हसली, मीपण हसलो, पण अल्बममध्ये काय होतं हे मला आजतागायत कळलेलं नाही. २०२४ च्या जानेवारीत त्यांच्या मालकांनी ती साइट दुसऱ्या मासिकाखाली घातली तेव्हा ज्यांनी त्यांना आयुष्यभर शिव्या घातल्या तेच जास्त हळहळले. तेपण बरोबर आहे, कारण मार्क सोडून खालचा मजकूर वाचला तर त्यांच्याकडं लिहिणारी माणसं चांगली होती. अमेरिकन समीक्षक रॉबर्ट क्रिस्टगाऊचंपण तेच, १९६९ पासनं शाळेसारखे ए, बी, सी ग्रेड देतोय, पण चार ओळींत अल्बमचं मर्म सांगतो. ग्रेड हातानं झाकायचा आणि वाचायचं. आपल्याकडं गोविंदराव टेंबे होते, स्वतः हार्मोनियम वाजवणारे, खाँसाहेबांच्या गाण्यावर एवढं लिहिलं, स्टार काय दिले नाहीत.

आता संपादक साहेब, माझी मागणी. सदर बंद करू नका, चांगलं आहे, आमच्या पोरांनापण वाचायला देतो. फक्त स्टार काढा, ती जागा दोन ओळींना द्या. आणि लिहिणाऱ्यानं कशावर ऐकलं आणि कुठली आवृत्ती ऐकली ते शेवटी छापा. हे उगाच म्हणत नाही. जून १९६७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये रिचर्ड गोल्डस्टीननं 'सार्जंट पेपर' ला नावं ठेवली, सगळं जग नाचत असताना ह्यानं एकट्यानं. पत्रांचा पाऊस पडला त्याच्यावर. आणि बऱ्याच वर्षांनी त्यानंच सांगितलं की तेव्हा त्याच्या स्टिरिओचा एक स्पीकर बिघडलेला होता. आता त्या अल्बमच्या स्टिरिओ मिक्समध्ये कुठं आवाज एका बाजूला, कुठं वाजंत्री दुसऱ्या बाजूला, एक स्पीकर गेला तर अर्धं गाणंच गेलं. वर तेव्हा बीटल्स स्वतः मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज असलेल्या, मिक्सला बसायचे, स्टिरिओचं काम त्यांचा प्रोड्यूसर जॉर्ज मार्टिन आणि इंजिनिअर लोक मागाहून उरकायचे, त्यामुळं मोनो ऐकणारा आणि स्टिरिओ ऐकणारा ह्यांनी नेमका एकच अल्बम ऐकला असं म्हणता येत नाही. आता मोबाईलवर तर रिमास्टर, त्याचा परत रिमास्टर, सुपर डिलक्स, काय काय असतं. तुमचा लेखक ३०० रुपयांच्या इअरफोनवर ऐकतो का जुन्या रेकॉर्डवर, हे कळलं तर आम्हाला त्याचं म्हणणं तोलता येईल. इअरफोनवर ऐकलं म्हणून काय कमीपणा नाही, आम्ही सगळे त्याच्यावरच ऐकतो.

आणि वाचकांच्या पत्रांनापण एक अट घाला, किमान एका गाण्यातली एक जागा मिनिट-सेकंदासकट लिहिल्याशिवाय पत्र छापणार नाही म्हणून. निम्मी पत्रं आपोआप बंद होतील. माझं हे पत्र त्या अटीत बसत नाही म्हणून लिहून टाकतो, 'विश यू वेअर हिअर' मधलं 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड', अल्बमच्या सुरुवातीचा तुकडा, चौथ्या मिनिटाच्या आसपास गिटारचे ते चार सूर येतात आणि सगळं थांबल्यासारखं होतं, ती जागा ऐका. त्याच्यावर कुणाला भांडायचं असेल तर मी रोज सकाळी अकराला चहाला असतो.

मागच्या अंकातली एक चूक दुरुस्त करून घ्या. लेखात 'आयर्न मॅन' हे सॅबथच्या पहिल्या अल्बममधलं गाणं म्हणून छापलंय. ते पहिल्यात नाही, त्याच वर्षी सप्टेंबरात आलेल्या 'पॅरानॉइड' मध्ये आहे. तुमचं वाचून कुणी पोरानं पहिला अल्बम लावला असेल तर बिचारा शेवटपर्यंत 'आयर्न मॅन' ची वाट बघत बसला असेल.

कळावे,
आपला एक वाचक,
उद्यमनगर, कोल्हापूर